नाना फडणवीस गेले आणि पेशव्यांचं दफ्तर उघडं पडलं

ऑफिसमध्ये चहाला जाताना कॉम्प्युटर तसाच सुरू ठेवून उठणारे रोज दिसतात. दोन मिनिटांत काय बिघडतंय, असं त्यांना वाटतं. पण राखणारा माणूस जागेवरून उठला की काय होतं, हे पुण्याने सव्वादोनशे वर्षांपूर्वी बघितलंय.

तो माणूस होता नाना फडणवीस.

मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. घराणं कोकणातल्या वेळासचं, जन्म १७४२ चा, साताऱ्यातला. १७५६ मध्ये वडील वारले आणि १४ व्या वर्षी फडणिशी अंगावर आली. १७६१ ला पानिपतातून ते जीव वाचवून परतले, पण सोबत गेलेली आई तिथेच अंतरली.

फडणीस म्हणजे हिशेबावर नजर ठेवणारा. कोणत्या गावाचा महसूल किती, कोणाला इनाम, कोणाला सरंजाम, हे सगळं पुण्याच्या हुजूर दफ्तरात मोडीत लिहून रुमालात बांधलं जायचं. तिथे दोनशेच्या वर कारकून राबायचे.

कागदात एक अक्षर बदललं तर काय होतं, याची गोष्टही पुण्याचीच. १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. हुकमातल्या ‘ध’ चा ‘मा’ आनंदीबाईंनी केला, असं लोक सांगतात. त्याला ठोस पुरावा नाही, पण म्हण कायमची राहिली.

खुनानंतर बारभाईंनी राघोबादादांना बाजूला सारलं आणि पुढे कारभार नानांच्या हातात आला. त्यांच्या काळात दफ्तराची शिस्त सगळ्यात कडक होती.

१७९५ ला सवाई माधवराव गेले आणि गादीचा वाद पेटला. १७९६ मध्ये नानांना पुणं सोडावं लागलं. ते परत आले, तर १७९७ च्या अखेरीस शिंद्यांनी त्यांना कैद करून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. पुढच्या वर्षी सुटका झाली, पण १३ मार्च १८०० ला पुण्यात त्यांचं निधन झालं.

इकडे दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराची रया गेली. नीट नोंदी होईनात, बहुतेक कारकून कमी झाले आणि कोणीही आत शिरू लागलं. १८१८ ला इंग्रजांनी दफ्तर ताब्यात घेतलं, तेव्हा मधल्या वीस वर्षांतले कितीतरी कागद गायब होते.

याची किंमत मोठी होती. पुढे इनाम कमिशनने लोकांच्या जमिनींचे हक्क तपासले, तेव्हा याच दफ्तरातल्या नोंदी पुरावा म्हणून बघितल्या गेल्या.

उरलेले कोट्यवधी कागद आज पुण्याच्या पुरालेखागारात आहेत. आत शिरायला परवानगी लागते.

तुमच्या टेबलावरच्या दफ्तराला दोनशे कारकून लागत नाहीत. उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं एकदम दाबली की स्क्रीन लॉक होते. फक्त पासवर्ड चिठ्ठीवर लिहून तिथेच चिकटवू नका.