राणीच्या बागेतले डॉ. भाऊ दाजी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत सुटीच्या दिवशी लोटणाऱ्या गर्दीला प्राणी पाहण्याची घाई असते. बागेच्या आवारातच असलेल्या वस्तुसंग्रहालयाकडे पावले वळतात ती थोड्यांचीच. आणि या वास्तूला ज्यांचे नाव लाभले आहे, ते डॉ. भाऊ दाजी लाड कोण, हे सांगू शकणारे त्याहूनही थोडे.

गोव्यातील पेडणे भागातल्या मांद्रे गावी १८२२ साली त्यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती हलाखीची होती. वडील मातीच्या बाहुल्या विकत. मुलगा बुद्धिबळात तरबेज होता. त्याची चमक एका इंग्रजाने हेरली आणि त्याला इंग्रजी शिक्षण देण्यासाठी वडिलांचे मन वळविले. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण घेऊन तिथेच अध्यापन करीत असताना भाऊंनी कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर निबंध लिहून पारितोषिक मिळविले. पुढे ते ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले आणि १८५१ मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता.

वैद्यकीय व्यवसायात त्यांचा चांगलाच जम बसला. मात्र बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी मोफत दवाखानाही चालविला. कडू कवठाच्या बियांच्या तेलाने कुष्ठरोग बरा करण्याचा ध्यास त्यांनी घेतला होता. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते चिटणीस होते. मुलींच्या शिक्षणासाठीही झटले. आणि एवढ्या व्यापातून उरलेल्या वेळात प्राचीन लेख वाचणे! अजिंठ्याचे शिलालेख, जुनागढचा रुद्रदामनाचा लेख, कालिदास व आर्यभट यांचा काळ अशा विषयांवर त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत निबंध वाचले. त्यांचे काही निष्कर्ष पुढच्या संशोधकांनी मान्य केले नाहीत. पण हा मार्ग आखणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते.

वस्तुसंग्रहालयाची कथा मात्र सरळ नाही. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने मुंबई इलाख्यातील कलाकुसरीचे व व्यापारी मालाचे नमुने गोळा करण्यात आले होते. ते कोटातील टाउन बराकीत मांडले होते. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लष्कराला बराकी हव्या झाल्या, वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या गेल्या आणि त्यांतील बऱ्याच नष्ट झाल्या. डॉ. जॉर्ज बर्डवुड, जगन्नाथ शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. या वेळी संग्रहाला हक्काची इमारत हवी, असा आग्रह होता. नागरिकांकडून वर्गणी जमविण्यात आली आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते पायाभरणी झाली.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि मुंबईला शेअरच्या सट्ट्याची झिंग चढली होती. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि हा डोलारा कोसळला. वर्गणीदारांचे हात आखडले आणि इमारत पुरी करण्यासाठी सरकारला पुढे यावे लागले. खुद्द भाऊंनी आयुष्यभराची मिळकत या मंदीत गमावली. शहाणीसुरती माणसेही त्या लाटेत वाहून गेली, त्यांतलेच हे एक. तरीही त्यांचा लौकिक ओसरला नाही. १८६९ आणि १८७१ असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. २ मे १८७२ रोजी संग्रहालय जनतेसाठी खुले झाले. मात्र त्यानंतर भाऊंना जेमतेम दोन वर्षे लाभली. मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा कुष्ठरोगावरील त्यांचे काम अपुरेच होते. त्यांनी जमविलेली हस्तलिखिते एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात विसावली.

वास्तूवर नाव होते ते व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांचे. भाऊंचे नाव तिला मिळाले १९७५ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर शंभर वर्षे उलटून गेल्यावर! दरम्यान इमारतीला आलेली अवकळा महापालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी हाती घेतलेल्या जीर्णोद्धाराने दूर झाली व २००८ मध्ये ती नव्या झळाळीसह खुली झाली. बाहेर घारापुरीचा तो दगडी हत्ती उभा आहे, ज्याच्यावरून त्या बेटाला एलिफंटा हे नाव पडले. आत, निरनिराळ्या जातिजमातींच्या आणि कारागिरांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती काचेआड मांडलेल्या आहेत. बाहुल्या विकणाऱ्याच्या मुलाच्या नावाचे हे संग्रहालय. हा योगायोग पाहणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.