तीन वाद्ये आणि एक हात

अमेरिकेच्या ओहायो राज्यात कोलंबस नावाचे शहर आहे. ७ ऑगस्ट १९३५ रोजी तेथील एका कृष्णवर्णीय कुटुंबात एक मुलगा जन्माला आला. आईवडिलांनी त्याचे नाव रोनाल्ड ठेवले. मूल जेमतेम दोन वर्षांचे होते, तोच चुकीच्या उपचारांमुळे त्याची दृष्टी गेली. हाच मुलगा पुढे रोलंड कर्क या नावाने जॅझ संगीतात प्रसिद्ध झाला.

जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीय लोकांनी घडवलेले संगीत होय. एखादी धून घ्यायची आणि वाजवता वाजवता त्याच क्षणी सुचलेले नवे सूर तिच्यात गुंफत जायचे, हा त्याचा विशेष आहे. या संगीतात सॅक्सोफोनला मानाचे स्थान आहे. सॅक्सोफोन हे फुंकून वाजवण्याचे पितळी वाद्य आहे. वरातीतल्या बँडवाल्यांकडे तुम्ही ते पाहिले असेल.

दिसत नसल्यामुळे लहानग्या कर्कला आवाजाचाच नाद लागला. बागेला पाणी घालण्याच्या रबरी नळीत फुंकून तो सूर काढीत असे. तो अंधांच्या शाळेत शिकला. तो क्लॅरिनेट व सॅक्सोफोन वाजवू लागला आणि पंधराव्या वर्षी वाद्यवृंदाबरोबर कार्यक्रमही करू लागला.

एके रात्री त्याला स्वप्न पडले. स्वप्नात तो एकाच वेळी तीन वाद्ये वाजवीत होता. दुसरा कोणी असता तर स्वप्न विसरून गेला असता. कर्क मात्र वाद्यांच्या दुकानात गेला आणि जुनी वाद्ये हाताने चाचपू लागला. तेथे त्याला सॅक्सोफोनच्या जातीची दोन अनोखी वाद्ये मिळाली. त्यांना तो मॅन्झेलो आणि स्ट्रिच म्हणत असे. एक वाद्य एका हाताने वाजवता यावे म्हणून त्याने कळांमध्ये फेरफार केले. मग तिन्ही वाद्ये गळ्यात अडकवून, तिघांचीही तोंडे एकदम ओठांत धरून तो वाजवू लागला. वाजवणारा एकच, पण ऐकणाऱ्याला वाटे की तिघे वाजवीत आहेत.

त्याने श्वासही असाच साधला. गालांत साठवलेली हवा वाद्यात सोडायची आणि त्याच वेळी नाकाने नवा श्वास घ्यायचा, अशी ती रीत होती. आपल्याकडचे गारुडी पुंगी वाजवताना हेच करतात. त्यामुळे कर्कचा सूर मध्येच तुटत नसे.

पण तीन वाद्ये एकदम वाजवणारा अंध माणूस पाहून काही लोक हसले. हे संगीत नव्हे, ही सर्कस आहे, असे टीकाकार म्हणू लागले. कर्कला याचे फार वाईट वाटे. त्याने वादापेक्षा वादनावर भर दिला. १९६१ मध्ये चार्ल्स मिंगस या नामवंत संगीतकाराने त्याला आपल्या संचात घेतले. १९६४ मध्ये कर्कने ‘आय टॉक विथ द स्पिरिट्स’ ही ध्वनिमुद्रिका केली. तिच्यात त्याने तीन वाद्यांची करामत बाजूला ठेवून केवळ बासरी वाजवली. बासरीत फुंकता फुंकता तो गुणगुणत असे. माणसाचा आवाज आणि बासरीचा सूर एकमेकांत मिसळून जात. पुढे १९६७ मध्ये त्याने ‘द इन्फ्लेटेड टिअर’ ही ध्वनिमुद्रिका केली. लहानपणी डोळे गेले, त्या दुःखाचे सूर तिच्यात आहेत.

कर्क स्वतःपुरता पाहणारा नव्हता. जॅझ घडवणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंतांना दूरदर्शनवर फारशी जागा मिळत नाही, याची त्याला चीड होती. १९७० मध्ये तो सोबत्यांसह कार्यक्रमांच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून जाऊन बसला आणि मध्येच शिट्ट्या वाजवून त्यांनी निषेध केला. पुढच्याच वर्षी एका मोठ्या कार्यक्रमात त्याला आणि मिंगसला वाजवण्यासाठी बोलावणे आले.

१९७५ मध्ये त्याच्यावर मोठे संकट कोसळले. त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची एक बाजू लुळी पडली. डोळे नव्हतेच, आता हातही गेला. सारे संपले असेच कोणालाही वाटले असते. पण एका हाताने एक वाद्य वाजवण्याची विद्या त्याने तरुणपणीच कमावली होती. त्याने सॅक्सोफोनमध्ये पुन्हा फेरफार करून घेतले आणि एका हाताने वाजवण्याचा सराव सुरू केला. पूर्वीचा वेग आता उरला नव्हता. तरी तो कार्यक्रम करीत राहिला, ध्वनिमुद्रण करीत राहिला.

१९७७ च्या डिसेंबरात इंडियाना विद्यापीठात त्याचा कार्यक्रम झाला. त्यानंतर त्याला पुन्हा झटका आला आणि ५ डिसेंबर रोजी ब्लूमिंग्टन येथे त्याचे निधन झाले. तेव्हा तो अवघा बेचाळीस वर्षांचा होता.

मित्रांनो, एकदम तीन वाद्ये वाजवली म्हणून लोक कर्कची आठवण काढतात. पण त्याची खरी परीक्षा शेवटच्या दोन वर्षांत झाली. तेव्हा त्याच्याकडे वाजवायला एकच हात होता.