कॉनराड एंगेलहार्ट

हेल्विग कॉनराड एंगेलहार्ट (जन्म : कोपनहेगन, २० सप्टेंबर, १८२५, मृत्यू : कोपनहेगन, ११ नोव्हेंबर, १८८१) हे डॅनिश पुरातत्त्वज्ञ होते. श्लेस्विग प्रांतातील व फ्यून बेटावरील दलदलींतून लोहयुगीन शस्त्रे, अश्वसाज आणि नौका यांचे प्रचंड साठे त्यांनी शास्त्रशुद्ध पद्धतीने बाहेर काढले.

फ्लेन्सबुर्गमधील कार्य

एंगेलहार्ट व्यवसायाने शिक्षक होते. १८५०च्या दशकात ते फ्लेन्सबुर्ग येथील लॅटिन शाळेत शिकवीत आणि तेथील पुरावस्तुसंग्रहाची जबाबदारीही सांभाळीत. श्लेस्विग त्या वेळी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखाली होते. परंतु डॅनिश आणि जर्मन या दोन्ही राष्ट्रवादांचा त्यावर दावा होता. त्यामुळे तेथील जमिनीतून निघणाऱ्या वस्तूंना केवळ विद्वत्तेचे मोल उरले नव्हते.

टोर्सबेर्ग

त्या भागात दलदलीतील कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर कापून, वाळवून तो सरपण म्हणून जाळीत. सुडरब्रारुप गावाजवळील टोर्सबेर्गच्या दलदलीत हे काम करताना जुन्या वस्तू निघू लागल्या, तेव्हा एंगेलहार्ट यांनी १८५८ ते १८६१ या काळात तेथे उत्खनन केले. ढाली, भाल्यांचे दांडे, धनुष्ये, चांदीचा मुखवटा, सोन्याचा मुलामा दिलेल्या नक्षीदार चकत्या, घोड्यांचे लगाम व मस्तकावरचा साज, एवढेच नव्हे तर पावलांसह शिवलेली लोकरी विजारसुद्धा तेथे मिळाली. म्यानाच्या टोकाच्या एका धातूच्या टोपणावर रूनिक लिपीतील लेख आहे. तेथील पाणी आम्लधर्मी असल्याने कापड, कातडे व लाकूड टिकले, मात्र लोखंड जवळजवळ विरघळून गेले. तलवारींच्या मुठी व म्याने राहिली, पाती नाहीशी झाली.

न्युदाम

१८५९ पासून एंगेलहार्ट यांनी सुंडेव्हेड भागातील न्युदामच्या दलदलीकडे लक्ष वळविले. येथे स्थिती उलट होती. कापड उरले नव्हते, पण लोखंड उत्तम टिकले होते. शंभराहून अधिक तलवारी व भाल्यांची शेकडो पाती मिळाली; अनेक तलवारींच्या पात्यांवर लोखंडाच्या पट्ट्या पिळून व ठोकून एकजीव केल्याने उमटणारी लाटांसारखी नक्षी आहे. घोड्यांच्या हाडांवर शस्त्रांचे घाव होते. ही जनावरे लढाईत मेलेली नसून मुद्दाम मारलेली असावीत, असे त्यावरून दिसते.

ऑगस्ट १८६३ मध्ये येथे ओक लाकडाची सुमारे २३ मीटर लांबीची नौका सापडली. एकमेकींवर चढवून लोखंडी खिळ्यांनी जोडलेल्या फळ्यांची ही नौका तीस वल्हेकरी चालवीत असत. खिळे गंजल्याने तिचे भाग सुटे झाले होते. ते फ्लेन्सबुर्गला नेऊन पुन्हा जुळविण्यात आले. वृक्षवलयांच्या आधारे तिचा काळ इ. स. ३२०च्या आसपासचा ठरविण्यात आला आहे. पाठोपाठ पाइन लाकडाची दुसरी नौका मिळाली. पण ती हलविण्यापूर्वीच युद्ध पेटले.

युद्ध आणि संग्रहाची ताटातूट

१८६४च्या युद्धात न्युदामच्या परिसरातच प्रशियन फौजा आल्या. दुब्बोलची निर्णायक लढाई तेथून जवळच झाली. दलदलीत राहिलेली पाइनची नौका नष्ट झाली. सैनिकांनी ती सरपण म्हणून फोडली, असे परंपरेने सांगतात. एंगेलहार्ट यांना फ्लेन्सबुर्ग सोडावे लागले. संग्रहातील मौल्यवान वस्तू डेन्मार्कमध्ये हलवून लपविण्यात आल्या होत्या. परंतु शांतता तहाप्रमाणे संग्रह परत द्यावयाचा असल्याने त्या अखेर प्रशियाच्या हाती गेल्या. ओकची नौका तर आकारामुळे फ्लेन्सबुर्गलाच राहिली होती.

वस्तू गेल्या तरी नोंदी राहिल्या, हे या चरित्रातील महत्त्वाचे. टोर्सबेर्गवरील ग्रंथ युद्धापूर्वीच, १८६३ मध्ये, प्रसिद्ध झाला होता. न्युदामवरील ग्रंथ १८६५ मध्ये आला. माग्नुस पेटरसेन यांनी काढलेल्या त्यांतील रेखाचित्रांचा संशोधक आजही आधार घेतात. १८६६ मध्ये लंडनहून या दोन्ही शोधांची इंग्रजी आवृत्ती निघाली.

उत्तरायुष्य

कोपनहेगनला आल्यावर एंगेलहार्ट यांनी फ्यून बेटावरील क्रागेहुल व विमोसे येथे उत्खनने केली आणि त्यांवरील ग्रंथ अनुक्रमे १८६७ व १८६९ मध्ये प्रसिद्ध केले. विमोसे येथे लोखंडी कड्यांचे एक संपूर्ण चिलखत मिळाले. प्राचीन चिलखत असे अखंड सापडणे फार दुर्मीळ.

पुढील संशोधन

हे साठे म्हणजे पराभूत सैन्याची सामग्री विजेत्यांनी देवतांना अर्पण केल्याचे अवशेष होत, असे मत एंगेलहार्ट यांचे समकालीन वोर्सो यांनी मांडले. मुद्दाम वाकविलेल्या तलवारी व तोडलेल्या ढाली पाहता ते आजही सामान्यतः ग्राह्य मानले जाते. १९२० मध्ये सार्वमतानंतर सीमा बदलली. न्युदामची दलदल डेन्मार्कमध्ये आली, टोर्सबेर्ग जर्मनीतच राहिले. १९८९ नंतर डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने न्युदाम येथे पुन्हा उत्खनन केले, तेव्हा नौकांचे उरलेले भाग व माणसाच्या मस्तकाच्या आकाराचे कोरीव खांब हाती लागले. ओकची नौका मात्र श्लेस्विग येथील गोटोर्फच्या किल्ल्यात आहे.