सुझान लेंगलेन
टेनिसची रॅकेट मी कधी हातात धरलेली नाही. तरीही सुझान लेंगलेनचे चरित्र मला कादंबरीसारखे वाटते.

१८९९ साली पॅरिसमध्ये जन्मलेली ही मुलगी प्रकृतीने नाजूक. वडिलांनी तिच्याकडून तासन् तास सराव करून घेतला. चुकीला क्षमा नव्हती. पुढे ती ताकदीपेक्षा अचूकतेवर खेळली. चेंडू हवा तेथे पडे, आणि स्वतः ती नर्तकीसारखी झेपावे. आखूड बाह्यांचा पोशाख पाहून विंबल्डनकरांनी नाके मुरडली, पण तिकिटांसाठी रांगाही लावल्या!

१९१९ च्या विंबल्डन अंतिम सामन्यात सात वेळच्या विजेत्या लँबर्ट चेंबर्सबाईंनी तिला दोनदा पराभवाच्या काठावर आणले. तिने सामना १०-८, ४-६, ९-७ असा जिंकला. ते अजिंक्यपद तिने एकूण सहा वेळा मिळवले.

१९२१ मध्ये अमेरिकेत मात्र मोला मॅलरीविरुद्ध पहिला सेट गमावताच, खोकत खोकत, तिने सामना सोडला. लोकांनी हुर्यो उडवली. ती खरोखर आजारी होती हे मान्य करूनही मला ते पान खुपते.

१९२६ च्या फेब्रुवारीत कान येथे हेलन विल्सवर ६-३, ८-६ असा विजय मिळवताना, सामना संपला समजून दोघींनी हस्तांदोलन केले. पण चेंडू आत पडल्याचे ठरले आणि पुन्हा खेळावे लागले. त्याच वर्षी विंबल्डनला राणीला ताटकळत ठेवल्याचा ठपका तिच्यावर आला. तिने स्पर्धा सोडली आणि पैसे घेऊन खेळणे पत्करले. हौशी खेळाडूच्या जिवावर संयोजकांनी गल्ला भरावा आणि तिने मात्र रिकाम्या हाताने परतावे, यावर ती चिडली होती. येथे मी पूर्णपणे तिच्या बाजूचा आहे.

१९३८ मध्ये, चाळिशीही न गाठता, ती गेली.