उन्हातला सिनेमा दिव्याखाली आणणारे बाबूराव पेंटर

निपाणी ओलांडली की कोल्हापूर फार लांब नाही. सीमाभागातल्या मराठी माणसाला हे गाव अंबाबाई, कुस्ती आणि तांबडा-पांढरा रस्सा यांमुळे ठाऊक असतं. सिनेमाच्या प्रकाशयोजनेचा एक मोठा टप्पाही इथलाच, हे मात्र कमी लोकांना माहीत आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा. घरात सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम. नात्यातल्या आनंदरावांसोबत ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवू लागले आणि 'पेंटर' हेच आडनाव झालं. दोघांना सिनेमाचं वेड लागलं. १९१६ साली आनंदराव गेले, पण बाबूरावांनी हात आखडला नाही. दामल्यांच्या मदतीनं त्यांनी कॅमेरा घरीच तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला.

तेव्हाचं शूटिंग म्हणजे सगळा उन्हाचा कारभार. ढग आला की काम ठप्प. सेटला छप्पर नसायचं. वर पांढरं कापड ताणून ऊन मऊ करायचं, पांढऱ्या किंवा चकचकीत फळ्यांनी ते नटाच्या तोंडावर परतवायचं. रात्रीचा प्रसंगही दिवसाच उरकायचा.

तानाजीची लढाई मात्र रात्रीची! १९२३ च्या 'सिंहगड'साठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय सिनेमातला तो पहिला वापर मानला जातो. पडदे रंगवताना उजेड-सावलीचा अंदाज हातात बसला होताच, तोच इथं कामी आला. 'सावकारी पाश'मध्ये (१९२५) त्यांनी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची गोष्ट मांडली, तीही वास्तवाला धरून.

कंपनी मात्र टिकली नाही. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर बाहेर पडले आणि त्यांनी 'प्रभात' काढली. बाबूरावांना हा मोठा फटका होता. पण त्याच मंडळींनी कोल्हापुरात शिकलेलं काम पुढं नेलं. दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला.

१६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव गेले. मूकपटांच्या काळातल्या बहुतेक फिती आज उरलेल्या नाहीत, त्यामुळे त्यांचं काम डोळ्यांनी पाहणं अवघड आहे. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसांचे बोलपट मात्र आजही पाहता येतात.