कै. डॉ. कमलाबाई सोहोनी : जीवन व कार्य

आपल्या समाजाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. बहुधा ती व्यक्ती संतमालिकेतील, राजकारणातील किंवा समाजकारणातील असते. यंदा संपादक मंडळाने हे काम मजकडे सोपविले, तेव्हा मी एका शास्त्रज्ञ स्त्रीचे चरित्र निवडले. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या, आपल्या जिल्ह्याच्याही नव्हत्या. तथापि एटापल्लीसारख्या वनप्रदेशात मुलींना शिकविणाऱ्या व न शिकविणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या पालकांनी हे चरित्र वाचावे असे मला मनापासून वाटते. त्याचे कारण लेखाच्या शेवटी येईल.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत घराण्यात झाला. वडील नारायणराव व काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ असून बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले होते. ही संस्था त्या काळी टाटा इन्स्टिट्यूट या नावाने प्रसिद्ध होती. लोकसाहित्याच्या व्यासंगी संशोधक आणि १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत या कमलाबाईंच्या भगिनी होत. घरात पुस्तके होती, प्रयोगशाळेची भाषा कानांवर पडत होती आणि मुलीने शिकावे की नाही हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नव्हते. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. ही पदवी रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन त्यांनी उत्तम रीतीने संपादन केली. पुढे वडील व काका ज्या संस्थेत शिकले तेथेच संशोधन करावे, अशा निश्चयाने त्यांनी बंगलोरला अर्ज धाडला.

त्या वेळी संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन हे होते. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवून भारताचे नाव जगभर नेणाऱ्या या महापुरुषाने कमलाबाईंचा अर्ज केवळ त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणाने फेटाळला. गुण कमी नव्हते, जागा भरलेल्या नव्हत्या. वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या आणि हा अन्याय आपणांस मान्य नाही, असे त्यांनी रामन यांच्यासमोर सांगितले. तो काळ गांधीजींच्या सत्याग्रहाचा होता. तेच शस्त्र त्यांनी येथे वापरले आणि प्रवेश मिळाल्याशिवाय हटावयाचे नाही असा आग्रह धरला. अखेर रामन यांनी त्यांस घेतले, परंतु अटी घालून. पहिले वर्ष त्या नियमित विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतसुद्धा, त्यांना काम करावयाचे होते. त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होता कामा नये, अशीही एक अट होती.

कमलाबाईंनी अटी पत्करल्या. अपमान मात्र पत्करला नाही. वृद्धापकाळीही त्या प्रसंगाचा सल त्यांच्या मनातून गेला नव्हता आणि तो त्यांनी जाहीरपणे बोलून दाखविला. श्रीनिवासय्या नावाच्या कडक शिस्तीच्या पण जिव्हाळ्याच्या गुरूंजवळ त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षभरातील त्यांची निष्ठा पाहून रामन यांचे समाधान झाले, त्यांस नियमित प्रवेश मिळाला आणि स्त्रियांना संस्थेत घेण्याविषयीचा त्यांचा विरोध मावळला. थोर माणूसही चुकतो. परंतु प्रत्यक्ष पुरावा समोर आल्यावर मत बदलणे हेही शास्त्रज्ञाचेच लक्षण आहे, हे येथे रामन यांच्याविषयी नमूद केले पाहिजे. १९३६ साली कमलाबाई एम. एस्सी. झाल्या.

यानंतर शिष्यवृत्ती मिळवून त्या इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळालेले सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्यांना स्थान मिळाले. तेथे प्रथम डॉ. डेरेक रिश्टर व नंतर डॉ. रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी काम केले. बटाट्याचा अभ्यास करीत असता, पेशींच्या श्वसनक्रियेत भाग घेणारे सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींच्या पेशींतही असते, असे त्यांस आढळून आले. या विषयावरील त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता. १९३९ साली त्यांस पीएच्. डी. पदवी मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी संपादन करणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते. परदेशी राहण्याचा मोह न धरता त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख म्हणून व त्यानंतर कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली श्री. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या व तेथील विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचे अध्यापन आणि संशोधन करू लागल्या.

मुंबईत त्यांनी जे संशोधन केले ते आपल्या रोजच्या ताटाशी निगडित आहे. म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो. आपण खाल्लेल्या डाळी-उसळींतील प्रथिने आपोआप पचत नाहीत. त्यासाठी शरीरात विकरे असतात. विकर म्हणजे रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारा व स्वतः खर्च न होणारा पदार्थ. स्वादुपिंडातून आतड्यात येणारे ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडून त्यांचे लहान तुकडे करते. परंतु कच्च्या कडधान्यांत असे एक द्रव्य असते की जे ट्रिप्सिनलाच जाऊन चिकटते. कुलपात भलतीच किल्ली अडकून बसावी आणि खरी किल्ली आत जाऊच नये, तशी मग त्या विकराची अवस्था होते. अशा द्रव्यास निरोधक म्हणतात. बीज किड्यांनी खाऊ नये म्हणून वनस्पतीने केलेली ती तरतूद असावी, असे शास्त्रज्ञ मानतात. कमलाबाई व त्यांचे सहकारी यांनी भारतीय अन्नपदार्थांतील ट्रिप्सिन निरोधकांचा पद्धतशीर शोध घेतला. १९५५ साली वाल आणि डबल बी यांमधून असे निरोधक शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळे काढल्याचे त्यांचे निवेदन नेचर या जगप्रसिद्ध नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

वाल, पोपटाच्या शेंगा, कुळीथ हे पदार्थ आपल्या घरांत नित्य शिजतात. कडधान्य भिजवावे, मोड आणावे, चांगले शिजवावे, ही आपल्या आजीची शिकवण होती. नीट शिजविल्याने यांतील बहुतेक निरोधक निकामी होतात, हे त्या शिकवणीमागील एक शास्त्रीय कारण आहे.

निरोधक हा विषय स्वयंपाकघरापुरताच आहे असे मात्र कोणी समजू नये. विकराला हेतुपुरस्सर अडविणारे द्रव्य तयार करणे हा आधुनिक औषधशास्त्राचा एक राजमार्ग आहे. आपल्या शेजारच्या तेलुगू मुलखात, भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक आम्लासारखे दिसणारे, पण त्याचे काम न करणारे अमिनॉप्टेरिन हे द्रव्य आपल्या सहकाऱ्यांकडून सिद्ध करविले. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ साली ते रक्ताच्या कर्करोगाने मरणोन्मुख झालेल्या बालकांस दिले आणि काही काळ तरी त्या रोगाला माघार घ्यावी लागली. हे द्रव्य एका विशिष्ट विकराला अडविते, हे पुढे स्पष्ट झाले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही रुग्णांना दिले जाते. एड्सच्या विषाणूचे प्रथिने तोडणारे विकर अडविणारी औषधे १९९५ पासून वापरात आली, तीही याच तत्त्वावर. कमलाबाईंनी औषधे घडविली नाहीत. निसर्गाने घडविलेले निरोधक त्यांनी ओळखले, वेगळे केले व मोजले. परंतु कुलूप आणि किल्ली यांचा हा अभ्यास दोन्हीकडे एकच आहे.

त्यांचे दुसरे मोठे कार्य नीरेविषयीचे. ताड-शिंदीचा सूर्योदयापूर्वी उतरविलेला न आंबलेला रस म्हणजे नीरा. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेची तपासणी केली. तीत जीवनसत्त्वे व लोह असून नीरेपासून केलेल्या गुळातही त्यांचा अंश टिकतो, असे त्यांस दिसले. आदिवासी कुमारवयीन मुले व गर्भवती स्त्रिया यांना ती दिल्यास त्यांचे आरोग्य सुधारते, हाही निष्कर्ष निघाला. या कार्याबद्दल त्यांस राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. एटापल्ली-भामरागडच्या जंगलात ताडाच्याच कुळातील गोरग्याचा रस सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची ताडी होते हे आपण जाणतो; परंतु अशा झाडांच्या ताज्या रसाकडे अन्न म्हणून पाहणारी विदुषी मुंबईच्या प्रयोगशाळेत बसली होती, हे आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

पुढे त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या. ते पद त्यांच्या योग्यतेच्या मानाने उशिरानेच आले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांच्या हितासाठी मुंबईत चालणाऱ्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात त्यांनी अन्नातील भेसळ ओळखण्याच्या सोप्या रीती सामान्य गृहिणींपर्यंत नेल्या. १९८२-८३ मध्ये त्या या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. शास्त्रीय विषयांवर त्यांनी मराठीतूनही लेखन केले. १९९८ साली दिल्ली येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने योजिलेल्या सत्कारसमारंभात त्या कोसळल्या व थोड्याच अवधीत त्यांची प्राणज्योत मालवली.

आता आरंभी सांगितलेल्या कारणाकडे वळतो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक साधा शिक्षक. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगी विज्ञान विषयात सर्व मुलांच्या पुढे गेली. तिचे वडील माझ्या घरी आले व तिला शास्त्रशाखेसाठी चंद्रपूरला पाठवावे काय, असे त्यांनी मला विचारले. मी नको म्हटले. परगाव, वसतिगृहाचा खर्च, मुलीची जात, पुढे लग्नाचा प्रश्न, अशी सारी कारणे मी दिली आणि ती त्यांना पटली. गुरुजींचा शब्द म्हणून त्या मुलीनेही तो मान्य केला. तिने सत्याग्रह केला नाही, कारण तिच्या पाठीशी कोणीच नव्हते. कमलाबाईंचे चरित्र मी निवृत्तीनंतर वाचले आणि बंगलोरच्या त्या नकारात व माझ्या नकारात मला काडीचाही फरक दिसेना. रामन यांनी एका वर्षात आपली चूक सुधारली. मला ती समजण्यास अर्धे आयुष्य लागले, आणि तोपर्यंत त्या मुलीची वेळ निघून गेली होती.

कमलाबाईंची बुद्धी व धैर्य ही त्यांची स्वतःची होती, यात शंका नाही. परंतु ज्या संस्थेचे दार त्यांनी ठोठावले तेथे त्यांचे वडील व काका आधी जाऊन आले होते. आपल्या मुलींपैकी फार थोड्या घरांत असे वडील किंवा काका आहेत. म्हणून ते स्थान समाजाने घेतले पाहिजे. गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारात शाल व श्रीफळ देण्याची आपली प्रथा चांगली आहे. तिच्या जोडीला दरवर्षी निदान एका मुलीच्या शास्त्रशाखेच्या पहिल्या वर्षाचा प्रवास, वसतिगृह व पुस्तके यांचा भार आपल्या मंडळाने उचलावा, अशी माझी नम्र सूचना आहे. त्या कामी माझ्या निवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम मी कार्यकारी मंडळाच्या स्वाधीन करीत आहे. ही देणगी नव्हे; जुन्या ऋणाचा तो पहिला हप्ता आहे.

कै. डॉ. कमलाबाई सोहोनी यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन.