जुहूची धावपट्टी आणि डिग्री नसलेला इंजिनिअर

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे मराठीच्या चुका पोटात घाला!

अंधेरीहून बसने जुहूला जाताना जुहू विमानतळाची भिंत लागते. आता तिथून मुख्यतः हेलिकॉप्टरं उडतात. १५ ऑक्टोबर १९३२ला मात्र कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन एक छोटं पस मॉथ विमान इथे उतरलं. चालवणारे होते जे. आर. डी. टाटा. टाटांच्या नियमित हवाई टपालाची ही सुरुवात.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४चा, पॅरिसचा. आई फ्रेंच, त्यामुळे घरची भाषा फ्रेंच. इंग्रजी सुधारायला त्यांना इंग्लंडला जावं लागलं. (वाचून मला फार बरं वाटलं!) केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायची त्यांची इच्छा होती, पण १९२५मध्ये वडिलांनी भारतात बोलावून घेतलं आणि १९२६मध्ये वडीलच गेले. डिग्री राहिली ती राहिलीच. १० फेब्रुवारी १९२९ला मात्र भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना त्यांना मिळाला.

८ जून १९४८ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं. हे कॉन्स्टेलेशन जातीचं, हवेचा दाब राखणाऱ्या केबिनचं विमान. पस मॉथमध्ये असली सोय कुठली! उंची वाढली की दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, हवाही विरळ होते. म्हणजे श्वासाची हवासुद्धा इंजिनिअरनेच पुरवायची.

इथेच थर्मोच्या व्हायव्हात माझी विकेट पडली. विमानातल्या एसीला गरम हवा कशाला लागते, असं सरांनी विचारलं आणि मी गप्प. नंतर लायब्ररीत बसून शोधलं. बहुतेक जेट विमानांत इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून दाबाची गरम हवा घेतात, थोडी निववतात आणि टर्बाइनमधून प्रसरण पावू देतात. तिथे तापमान शून्याखालीही जाऊ शकतं. हवा मुंबईसारखी दमट असेल तर तिच्यातलं पाणी गोठतं आणि पाणी वेगळं करणारा भाग बर्फाने तुंबतो. मग केबिनला हवाच कमी पडते. म्हणून अनेक विमानांत सेन्सर तापमान बघतो आणि व्हॉल्व्ह थोडी गरम हवा सोडून ते शून्याच्या जरा वर ठेवतो. थंडावा टिकवायला चिमूटभर ऊब!

अशा बारीकसारीक गोष्टींचं जेआरडींना वेडच होतं. एअर इंडियाने प्रवास करताना ते चहाच्या रंगापर्यंत सगळं टिपून ठेवत. १९७८मध्ये सरकारने त्यांना अध्यक्षपदावरून दूर केलं. तरी १९८२मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी कराची-मुंबई उड्डाण पुन्हा एकट्याने केलं आणि जुहूलाच उतरले. १९९२मध्ये भारतरत्न मिळालं. २९ नोव्हेंबर १९९३ला जिनिव्हात ते गेले.

मित्रांनो, आपण केटीच्या भीतीने शिकतो. ज्यांना शिकायला मिळालंच नाही, ते आयुष्यभर शिकत राहिले. आता बसमधून ती भिंत दिसली की मी मोबाईल खाली ठेवते.